शेवटचे कडवे : ‘क्वीन’ची अपुरी ध्वनिमुद्रणे

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो नावाचे एक टुमदार शहर आहे. तेथील कॅसिनोच्या इमारतीत पूर्वी एक ध्वनिमुद्रणशाळा होती. १९९१ सालच्या मे महिन्यात त्या शाळेत एक अत्यंत आजारी गायक ध्वनिक्षेपकासमोर उभा होता. जे गीत गावयाचे, त्याचे शब्दही अद्याप पुरते लिहून झाले नव्हते. गायकाचा मित्र शेजारी बसून कागदाच्या चिठोऱ्यांवर ओळी उतरवून देत होता आणि चिठोरा हाती येताच गायक ती ओळ गात होता. असे करता करता गीत बहुतेक पुरे झाले. एक शेवटचे कडवे तेवढे उरले. आता थकवा आला आहे, परत आल्यावर ते गाऊन टाकू, असे सांगून गायक बाहेर पडला. ते कडवे त्याच्याकडून कधीच गायिले गेले नाही. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. त्या वेळी तो ४५ वर्षांचा होता.

गायकाचे नाव फ्रेडी मर्क्युरी, चिठोरे लिहून देणाऱ्या मित्राचे नाव ब्रायन मे, आणि गीताचे नाव ‘मदर लव्ह’, म्हणजे आईची माया. हे दोघे ज्या ‘क्वीन’ नामक इंग्लिश वाद्यवृंदाचे घटक होते, त्याची ख्याती रॉक संगीताचे नाव ऐकताच कपाळाला आठ्या घालणाऱ्यांच्याही कानी केव्हा ना केव्हा गेलेली असते. माणूस गेला आणि त्याचे गाणे अर्धवट उरले, तर त्या अर्ध्या गाण्याचे मागे राहिलेल्यांनी काय करावे? ते तसेच जपून ठेवावे की पुरे करावे? आणि पुरे केले, तर ते मग कोणाचे? ‘क्वीन’च्या बाबतीत हा प्रश्न तत्त्वचर्चेपुरता राहिला नाही. मागे राहिलेल्या तिघांना त्याचे उत्तर आपल्या हातांनी द्यावे लागले.

फ्रेडी मर्क्युरी हे नाव त्यांनी पुढे घेतले. मूळ नाव फरोख बुलसारा. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात झाला. बुलसारा हे आडनाव गुजरातेतील बलसाड, म्हणजेच आजचे वलसाड, या गावावरून आलेले. वडील तेथील इंग्रजी अंमलात रोखपालाच्या नोकरीत होते. मुलगा आठ वर्षांचा झाला, तेव्हा आईवडिलांनी त्याला शिक्षणासाठी हिंदुस्थानात, सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात धाडले. हवापालटासाठी आणि निवासी शाळांसाठी महाराष्ट्राला परिचित असलेल्या त्या डोंगरमाथ्यावर या मुलाचे बाळपण गेले. त्याला ‘फ्रेडी’ हे नाव मिळाले ते तेथेच. पियानोचे रीतसर धडे त्याने तेथेच घेतले, आणि १९५८ साली, बारा वर्षांचा असताना, चार शाळासोबत्यांसह ‘हेक्टिक्स’ नावाचे एक वाद्यपथकही तेथेच उभे केले. त्या पथकात हा मुलगा पियानो वाजवी. मुख्य गायक दुसराच होता! १९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढल्याच वर्षी तेथे क्रांती झाली आणि सारे कुटुंब इंग्लंडला जाऊन राहिले. लंडनच्या ईलिंग येथील कलाशाळेत त्याने आरेखनाची पदविका घेतली. १९७० साली ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासमवेत ‘क्वीन’ची स्थापना झाली, आणि १९७१ मध्ये जॉन डीकन येऊन मिळाल्यावर चौकडी पुरी झाली. मे गिटार वाजवीत, टेलर ढोल-झांजांचा संच सांभाळीत, डीकन खर्जाची गिटार वाजवीत. चौघेही गीते रचीत, आणि डीकनखेरीज तिघेही चांगले गात. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता ध्वनिमुद्रणाच्या तंत्राविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढील हकीकत नीट उमगणार नाही. आपल्याकडे तबकड्यांचा आरंभ झाला त्या काळी गवई, तबलजी, पेटीवाला असे सारे एका कर्ण्यासमोर दाटीने बसत आणि तीन-साडेतीन मिनिटांत एका दमात गाणे संपवीत. कोणी चुकला की मेणाची तबकडी वाया जाई. त्या पद्धतीत गाणे अपुरे राहण्याचा संभवच नव्हता; ते एक तर झाले, नाही तर झालेच नाही. पुढे चुंबकीय फीत आली, आणि १९७० च्या दशकात दोन इंच रुंदीच्या फितीवर २४ पट्टे शेजारीशेजारी मुद्रित करण्याची सोय झाली. विणकराच्या मागावर ताण्याचे धागे जसे सुटे सुटे असतात, तसे हे पट्टे. एकावर गायकाचा आवाज, दुसऱ्यावर पियानो, तिसऱ्यावर ढोल. प्रत्येक पट्टा वेगळ्या दिवशी मुद्रित करावा, नापसंत पडला तर तेवढाच पुसून पुन्हा करावा, आणि सर्वांचे एकत्र मिश्रण मात्र अखेरीस करावे. साथीदार येण्यापूर्वी गायकाने गाऊन जावे, आणि साथीदाराने महिन्याने किंवा वर्षाने येऊन त्या आवाजाला साथ द्यावी, ही गोष्ट त्यामुळे शक्य झाली. गायक हयात असला पाहिजे, ही अटही मग उरली नाही.

या तंत्राचा उपयोग ‘क्वीन’ने जितक्या हौसेने केला, तितका फार थोड्यांनी केला असेल. १९७५ सालचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले गीत ऐकावे. त्याच्या मध्यभागी इटालियन संगीत नाटकातल्यासारखा एक मोठा गायकवृंद गर्जत असतो. वाटते की रंगमंचावर शंभर माणसे उभी आहेत. वस्तुतः तेथे तीनच गळे आहेत, मर्क्युरी, मे आणि टेलर यांचे. तिघांनी तेच सूर पुनःपुन्हा गाऊन थरावर थर चढविले आणि फीत यंत्रातून इतक्यांदा फिरविली की ती झिजून आरपार दिसू लागली, असे मे सांगतात. पाचगणीच्या शाळेतील सामुदायिक गायन, पियानोवर घोटलेले पाश्चात्त्य स्वरमेळाचे पाठ आणि ही बहुपट्टी फीत, या तिहींचा तो संगम होता असे मानण्यास हरकत नाही. मर्क्युरी मनात सारे बांधकाम उभे करीत आणि फितीवर त्याची एकेक वीट रचीत. २०२३ साली त्यांच्या चीजवस्तूंचा लंडनमध्ये लिलाव झाला, तेव्हा या गीताचे हस्तलिखित खर्डेही विक्रीस आले. त्यांतील एका कागदावर ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे नाव लिहून ‘मंगोलियन’वर काट मारलेली आढळली. तुकड्यातुकड्यांनी काम करण्याची त्यांची सवय कागदावरही तीच होती.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या जलशात या चौघांनी सुमारे वीस मिनिटांत सारे मैदान जिंकले. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे त्यांचा एकत्र असा शेवटचा जलसा झाला. तो शेवटचा ठरेल हे त्या दिवशी श्रोत्यांपैकी कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यानंतर मर्क्युरी यांना एड्सचा विकार जडल्याचे निष्पन्न झाले. त्या काळी या दुखण्यावर परिणामकारक उपचार नव्हता. अनेक औषधे एकत्र देऊन रोगाला आवर घालण्याची पद्धती १९९६ च्या सुमारास आली. पाच वर्षांचे अंतर! मर्क्युरी यांनी आजार जगापासून लपविला. साथीदारांना मात्र विश्वासात घेतले. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार दारात ठाण मांडून असत. अशा स्थितीत १९८९ साली ‘द मिरॅकल’ आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘इन्युएंडो’ असे दोन गीतसंग्रह निघाले. पहिल्यापासून एक नवा पायंडा पडला : गीत कोणीही रचले असो, रचनाकार म्हणून नाव एकट्या व्यक्तीचे न घालता ‘क्वीन’चे घालावयाचे. मानधनाचे जुने तंटे त्यामुळे मिटले, हा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ असा की, जे उरले आहे ते चौघांचे मिळून आहे, हे चौघांनी मान्य केले.

‘इन्युएंडो’ प्रसिद्ध झाल्यावर कोणीही या रुग्णास विश्रांतीचाच सल्ला दिला असता. त्यांनी उलट केले. ते माँत्रोला गेले आणि साथीदारांना म्हणाले की, मला आणखी काही लिहून द्या, काहीही द्या. मी ते गाऊन ठेवतो, मागाहून तुम्ही पुरे करा. ही हकीकत मे आणि टेलर यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. प्रकृती बरी असेल त्या दिवशी ध्वनिमुद्रणशाळेतून निरोप जाई. चार घटका काम होई. मग पुन्हा विश्रांती. खऱ्या ढोलाची मांडामांड करण्याइतकाही अवकाश नव्हता, म्हणून ताल धरण्यासाठी यंत्र लावीत आणि त्यावर गाणे मुद्रित होई.

एरवी अपुरी राहिलेली कृती म्हणजे अपघात असतो : लेखणी गळून पडते, चित्रकाराचा हात थांबतो. बाणभट्टाची ‘कादंबरी’ अपुरी राहिली आणि त्याच्या पुत्राने ती पुरी केली. जिच्या नावावरून मराठीने एका अख्ख्या वाङ्मयप्रकारास नाव दिले, ती कृतीच मुळी दोन हातांची आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही! रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनाने अर्ध्यावर राहिले, आणि ज्यांना लिहिणेवाचणे लग्नानंतर शिकावे लागले त्या लक्ष्मीबाईंनी ते शेवटास नेले. या दोन्ही ठिकाणी पुरे करणाराने स्वतःच्या जबाबदारीवर, प्रेमापोटी, काम हाती घेतले. मर्क्युरी यांची गोष्ट निराळी. त्यांनी आपले गायन अपुरे राहणार हे गृहीत धरूनच गायिले. घर बांधून पुरे होणार नाही हे ओळखून कोणी नुसते खांब रोवावेत आणि छपराचे माप शेजाऱ्याजवळ ठेवून जावे, तशी ती रीत होती. माँत्रोच्या त्या फिती म्हणजे टाकून दिलेले तुकडे नव्हेत. ती विश्वासाने सोपविलेली ठेव होती. पुढे जे जे झाले, त्याचे मोजमाप या गोष्टीवरून करावयास हवे.

ठेव हाती आली खरी, परंतु ती उघडण्याचे धैर्य लगेच होईना. एप्रिल १९९२ मध्ये वेम्बलीवर मोठा स्मृतिजलसा झाला आणि एड्सग्रस्तांच्या साहाय्यार्थ मर्क्युरी यांच्या नावे एक न्यास स्थापन झाला. त्यानंतर टेलर व डीकन यांनी काम आरंभिले. मे त्या सुमारास स्वतःच्या जलशांच्या दौऱ्यावर होते. परतल्यावर त्यांनी झालेले काम ऐकले आणि ते त्यांना रुचले नाही. बराचसा भाग पुन्हा नव्याने करावा लागला. ध्वनिमुद्रणशाळेत एकटे बसून दिवसचे दिवस दिवंगत मित्राचा आवाज ऐकत राहावयाचे, एखाद्या श्वासाची जागा नीट बसावी म्हणून तीच ओळ पन्नासदा फिरवून पाहावयाची, हा अनुभव किती कष्टाचा होता हे मे यांनी पुढे बोलून दाखविले आहे. अखेरीस नोव्हेंबर १९९५ मध्ये, मर्क्युरी यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, ‘मेड इन हेवन’ हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि इंग्लंडमध्ये खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

या संग्रहात माँत्रोच्या ठेवीतले ऐवज किती, हे मोजू गेल्यास आश्चर्य वाटते. ‘इन्युएंडो’नंतरचे गायन असे जेमतेम तीन गीतांत आहे. पहिले ‘मदर लव्ह’. दुसरे ‘अ विंटर्स टेल’, हिवाळ्यातील गोष्ट. मर्क्युरी यांनी स्वतः रचलेले हे शेवटचे गीत समजले जाते. सरोवराच्या काठी बसून समोर जे दिसले ते त्यात त्यांनी शांतपणे नोंदले आहे : पाणी, पक्षी, बर्फाचे डोंगर, मावळता प्रकाश. मरणाचा उल्लेखही नाही. तक्रारीचा सूर लावण्यास ज्याला सर्व कारणे होती, त्याने निसर्गाचे चित्र काढून ठेवावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तिसरे ‘यू डोन्ट फूल मी’. याची कथा कारागिरीच्या दृष्टीने सर्वांत चमत्कारिक आहे. हे गीत असे अस्तित्वातच नव्हते. होते ते गायनाचे सुटे तुकडे. माँत्रोच्या शाळेतील ध्वनिमुद्रणतज्ज्ञ डेव्हिड रिचर्ड्स यांनी ते तुकडे कापून, जुळवून, कोठे एखादी ओळ पुन्हा योजून गीताचा सांगाडा उभा केला आणि तिघांना ऐकविला. तिघेही चकित झाले. मग त्यांनी त्यावर आपापली वाद्ये वाजविली आणि मागचा गायनाचा साज चढविला. आज ते ऐकताना सांधे शोधू म्हटले तरी सापडत नाहीत. गोधडी शिवणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या हाती चिंध्या दिल्या तर ती जो रंगमेळ साधते, तोच प्रकार.

उरलेली गीते जुन्या पेटाऱ्यातली. ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ याचे मूळ म्हणजे १९८० साली म्युनिकमध्ये मर्क्युरी यांनी पियानोवर सहज छेडलेले काही क्षण. ‘लेट मी लिव्ह’ याचा आरंभ १९८० च्या दशकातला. त्यात कडवी वाटून घेऊन मर्क्युरी, टेलर आणि मे तिघेही गातात. ‘हेवन फॉर एव्हरीवन’ टेलर यांच्या दुसऱ्या वाद्यवृंदासाठी गायिलेले. ‘टू मच लव्ह विल किल यू’ हे ‘द मिरॅकल’च्या वेळचे, त्या संग्रहात न आलेले. ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही दोन तर मर्क्युरी यांच्या १९८५ सालच्या स्वतंत्र संग्रहातून उचललेली. त्यांतील जुनी साथ काढून ‘क्वीन’ची भरघोस साथ घातली. ही शेवटची दोन गीते कानाला गोड लागतात हे खरे. तथापि ती अपुरी नव्हती. कर्त्याने ती पुरी करून, आपल्या नावाने, आपल्या हयातीत लोकांसमोर ठेविली होती. नांदत्या घराच्या भिंती उकरून नवा गिलावा देण्याचा अधिकार माँत्रोच्या निरोपात होता काय? संग्रहाची लांबी भरून काढण्यासाठी ही तडजोड झाली असेल. पण ठेवीचा हिशेब करताना ही दोन गीते निराळ्या खाती लिहिली पाहिजेत.

‘मदर लव्ह’कडे पुन्हा वळावयास हवे. पहिली कडवी मर्क्युरी गातात. आवाज थकलेला नाही, हेच प्रथम ध्यानात येते. शरीर खंगले असता गळा मात्र तार सप्तकात जाऊन मोकळा होतो. मग गिटारीचे काही सूर येतात, आणि शेवटचे कडवे सुरू होते ते निराळ्याच आवाजात. तो आवाज ब्रायन मे यांचा. मे यांचा गळा मऊ, काहीसा संकोची. मर्क्युरी यांच्या गळ्याशी त्याची बरोबरी नाही, आणि मे यांनी तशी बतावणीही केलेली नाही. दुसऱ्या कडव्याच्या ओळी कापून त्यांतून शेवटचे कडवे जुळविता आले नसते असे नाही. ‘यू डोन्ट फूल मी’मध्ये ती करामत झालीच होती. येथे ती जाणूनबुजून केलेली नाही. जेथे मित्र थांबला तेथे तो थांबला असे ऐकू येऊ द्यावयाचे, आणि मग आपण उठून उरलेले म्हणावयाचे, असा हा निर्णय आहे. साऱ्या संग्रहात याहून प्रामाणिक जागा दुसरी नाही. कीर्तनात बुवांचा आवाज बसला म्हणजे मागचा टाळकरी अभंग धरतो. तो बुवांची नक्कल करीत नाही, अभंग खाली पडू देत नाही इतकेच. गीताच्या अखेरीस १९८६ च्या वेम्बलीच्या जलशातील मर्क्युरी यांची हाक आणि हजारो श्रोत्यांची साद ऐकू येते, त्यामागून, ‘क्वीन’चा पहिला संग्रह निघण्यापूर्वी त्यांनी टोपणनावाने गायिलेल्या एका गीताचा तुकडा, आणि शेवटी एका तान्ह्या मुलाचे रडणे. पंचेचाळीस वर्षे उलट्या दिशेने चालत गेल्यासारखी.

योगायोग असा की, त्याच हंगामात, डिसेंबर १९९५ मध्ये, ‘बीटल्स’ या त्याहून वडील इंग्लिश वाद्यवृंदानेही आपल्या दिवंगत गायकाचे गाणे पुरे करून काढले. जॉन लेनन यांचा ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये खून झाला होता. त्यांच्या पत्नी योको ओनो यांनी घरगुती कॅसेटवरील काही गीते १९९४ मध्ये पॉल मॅकार्टनी यांच्या स्वाधीन केली; त्यांतील ‘फ्री ॲज अ बर्ड’ हे पहिले पुरे झाले. परंतु लेनन यांनी ते गाणे कोणासाठी ठेविले नव्हते. घरी पियानोपाशी बसून चाल सुचली ती विसरू नये म्हणून कॅसेटवर घेतलेली, एवढाच तो प्रकार. शिवाय त्या कॅसेटवर सुटे पट्टे नव्हते. आवाज आणि पियानो एकमेकांत कालवलेले, आणि एका गीतात तर विजेची घरघरही मिसळलेली. ते गीत, ‘नाऊ अँड देन’, १९९५ साली हात लावून सोडून द्यावे लागले. पुढे चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनी ओळखून वेगळे करणारे यंत्रगणित सिद्ध केले, तेव्हा लेनन यांचा गळा पियानोपासून निवडून काढता आला, दुधातून पाणी काढावे तसा. जॉर्ज हॅरिसन २००१ साली निवर्तले होते; त्यांनी १९९५ मध्ये वाजवून ठेविलेली गिटार उपयोगी पडली, आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी गीत प्रसिद्ध झाले. यंत्राने आवाज निर्माण केला असा तेव्हा पुष्कळांचा समज झाला. तो चुकीचा आहे. यंत्राने निवडले, गायिले ते लेनन यांनीच. मात्र आज अशीही यंत्रे आहेत की जी कोणाचाही आवाज हुबेहूब घडवितात, आणि त्या दृष्टीने पाहता ‘मदर लव्ह’मधील उघडा सांधा १९९५ पेक्षा आज अधिक मोलाचा वाटतो.

‘क्वीन’चा पेटारा १९९५ नंतर मिटला असे नव्हे. २०१४ साली ‘लेट मी इन युअर हार्ट अगेन’ हे १९८० च्या दशकात अर्धे राहिलेले गीत निघाले, आणि मायकेल जॅक्सन यांच्याबरोबर गायिलेले ‘देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस’ हेही निघाले. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘फेस इट अलोन’ प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच महिन्यात ‘द मिरॅकल’च्या विस्तारित आवृत्तीत त्याच काळातील आणखी पाच अप्रकाशित गीते आली. ‘फेस इट अलोन’ आपण विसरूनच गेलो होतो, असे टेलर यांनी सांगितले. आणि त्याचे तुकडे जुळवून ते उभे करावे लागले, असे मे यांनी सांगितले. गीत सुंदर आहे. मंद, रिकाम्या दालनात घुमल्यासारखे. एकट्याने सामोरे जाण्याविषयीचे. आजार कळल्यानंतरच्या दिवसांतले ते गायन असल्यामुळे ते ऐकणारास निराळा अर्थ जाणवतो.

परंतु येथे एक सूक्ष्म भेद विसरता कामा नये. माँत्रोचे गायन ‘पुरे करा’ म्हणून ठेविलेले होते. ‘फेस इट अलोन’ हे १९८८ मध्ये चौघे हयात असताना, चौघांनी ऐकून, बाजूस ठेविलेले गीत होते. त्याला अनुज्ञा होती ती सर्वसाधारण, मित्रत्वाच्या नात्याने गृहीत धरलेली; विशेष अशी नव्हे. म्हणून ते प्रसिद्ध करू नये, असे म्हणणे टोकाचे होईल. ते निघाल्याने मर्क्युरी यांची प्रतिष्ठा उणावली नाही, आणि कित्येकांना एक चांगले गीत मिळाले. मात्र उद्या याहून लहान तुकडे, याहून नापसंत खर्डे बाहेर येऊ लागले, तर कोठे तरी पेटारा मिटण्याची वेळ कोणी तरी सांगावी लागेल, आणि ती सांगण्याचा खरा अधिकार आता दोघा-तिघांकडेच आहे. त्यांतील जॉन डीकन यांनी आपल्यापुरते उत्तर केव्हाच दिले. १९९७ साली मर्क्युरी यांच्या स्मरणार्थ एक नवे गीत तिघांनी मुद्रित केले, त्यानंतर डीकन निवृत्त झाले आणि पुन्हा लोकांपुढे वाजविण्यास आले नाहीत.

मे आणि टेलर यांचा स्वभाव उलटा. झालेलेही पुरे झाले असे त्यांना वाटत नाही. १९७३ सालचा ‘क्वीन’चा अगदी पहिला संग्रह ध्वनिमुद्रणशाळेच्या फावल्या वेळात, दुसरे गायक घरी गेल्यावर, उरकलेला होता आणि त्यातील ढोलाचा नाद त्यांना कधीच पसंत नव्हता. २०२४ मध्ये त्यांनी तो सर्व सुट्या पट्ट्यांवरून नव्याने मिश्रित केला आणि त्या वेळी वगळलेले एक गीतही परत घातले. मे यांच्या बाबतीत तर ही वृत्ती संगीतापुरती नाही. ते मूळचे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. ग्रहांच्या कक्षांमधील धुळीवर त्यांनी प्रबंध आरंभिला होता, तो १९७० च्या दशकात वाद्यवृंदापायी सोडावा लागला. तीस वर्षांनी त्यांनी ती वही पुन्हा उघडली, आणि २००७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजकडून डॉक्टरेट मिळविली. अर्धे ठेवलेले विसरायचे नाही, असा हा माणूस आहे.

माँत्रोच्या कॅसिनोतील ती शाळा आता ध्वनिमुद्रण करीत नाही. डिसेंबर २०१३ पासून तेथे ‘क्वीन’चे लहानसे संग्रहालय आहे. नियंत्रणकक्षाची जागा दाखविली जाते, हस्तलिखिते काचेखाली आहेत. सरोवराच्या काठी हात उंचावून उभा असलेला मर्क्युरी यांचा पुतळा आहे. तो नोव्हेंबर १९९६ मध्ये उभारला गेला.

आणि मे व टेलर अद्याप जलसे करतात. २०११ नंतर मुख्य गायनासाठी ॲडम लॅम्बर्ट हा अमेरिकन गायक त्यांच्याबरोबर असतो. तोही मर्क्युरी यांची नक्कल करीत नाही. जलशात एक वेळ अशी येते की मे एकटेच पुढे येऊन उंच बैठकीवर बसतात आणि साध्या गिटारीवर ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ हे मर्क्युरी यांचे १९७५ सालचे गीत आरंभितात. श्रोते बरोबर गातात. गीत संपत आले म्हणजे मागील पडद्यावर जुन्या चित्रफितीतील मर्क्युरी प्रकट होतात, मे नुसती गिटार वाजवीत राहतात, आणि शेवटच्या ओळी मर्क्युरी गातात.